रबर मागायचं तर ‘गुमी’ की ‘गुमे’?

मराठीत एकटा ‘रबर’ बरीच कामं उरकतो: पदार्थ तोच, खोडायलाही तोच, पुडीला लावायलाही ‘जरा रबर दे’ चालतं. हिब्रूत ही सोय नाही. वरच्या दोन शब्दांपैकी ‘गुमी’ हिब्रू आणि ‘गुमे’ यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची, जर्मनशी नातं असलेली पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा.

हिब्रूत ‘गुमी’ म्हणजे रबर हा पदार्थ आणि कपड्यातलं इलास्टिक. रबरबँड ‘गुमिया’, अनेकवचनी ‘गुमियोत’. खोडरबर मात्र ‘माखाक’ (ख घशातून खरवडून काढायचा), टायर ‘त्झामिग’. खोडरबरासाठी ‘गुमी’ मागितलंत, तर हातात रबरबँड पडण्याची शक्यता जास्त. उच्चारात जोर ‘गु’वर द्यायचा, ‘गुमिया’त मात्र शेवटच्या ‘या’वर.

यिडिशमध्ये पदार्थ ‘गुमे’, खोडरबर ‘मेकर’. शब्द जवळचे वाटले तरी लिहिताना फसगत होते. पहिली तीन अक्षरं दोन्हीकडे गिमेल, वाव, मेम अशीच. शेवटी हिब्रूत योद येतं, यिडिशमध्ये आयिन. यिडिशमध्ये आयिन हा चक्क ‘ए’ स्वर आहे, तर हिब्रूत ते व्यंजन आणि आजच्या बोलण्यात बहुतेक वेळा मुकंच. म्हणून फक्त हिब्रू येणारा माणूस ‘गुमे’ वाचताना शेवटी अडखळतो.

खरा फरक दिसतो तो शब्द जोडताना. समजा, रुग्णाची काळजी घेण्याच्या कामासाठी रबरी हातमोजे हवेत. हिब्रूत ‘क्फाफोत गुमी’: आधी हातमोजे, मग रबर. यिडिशमध्ये ‘गुमेने हेंटश्केस’: आधी रबरी, मग हातमोजे, म्हणजे आपलाच क्रम. मराठी माणसाची चूक हिब्रूतच होते; ‘गुमी क्फाफोत’ तोंडातून निघून जातं. पावसाळी बुटांचंही तसंच, ‘मागाफेय गुमी’. असे उंच बूट एरवी ‘मागाफायिम’ असतात, पण मागे ‘गुमी’ लागला की त्यांचं शेपूट बदलतं.

मग निवडायचं काय? इस्रायलमध्ये दुकान, दवाखाना, कचेरी असेल तर हिब्रूच, आणि चारही शब्द वेगवेगळे पाठ करा. जेरुसलेमच्या मेआ शेआरीममधल्या किंवा न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्गमधल्या यिडिश बोलणाऱ्या हसिदी (कर्मठ ज्यू) घरात रोजचा वावर असेल, तरच ‘गुमे’वर वेळ घालवा. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजी भेटल्या तर कदाचित ‘खोडरबर’वरच भागेल.