चिंतातुर आणि अलिप्त: थेरपिस्टसमोरचे दोन भावबंध

लहानपणी सांभाळणाऱ्यांशी जुळलेल्या नात्याचा ठसा पुढच्या नात्यांवर राहतो, हा भावबंधाचा (अटॅचमेंटचा) सिद्धांत मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी मांडला आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बालकांच्या निरीक्षणातून पुढे नेला; हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये तो प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावला. थेरपिस्टशी जुळणाऱ्या नात्यातही जवळीक साधण्याचे हेच आकृतिबंध उमटतात, आणि त्यांतील दोन असुरक्षित प्रकार, म्हणजे नाकारले जाण्याची भीती बाळगणारा चिंतातुर आणि जवळीक टाळणारा अलिप्त, परस्परांहून बरेच वेगळे वागतात.

चिंतातुर रुग्ण लवकर मोकळा होतो, भरभरून बोलतो, आणि थेरपिस्टने घेतलेली सुट्टीच काय, एखादी जांभईसुद्धा आपण नकोसे झाल्याची खूण मानतो. त्याला दर वेळी नुसता धीर देण्यापेक्षा भेटीच्या मर्यादा स्थिर ठेवून ती भीती शब्दांत मांडायला मदत करणे अधिक उपयोगी ठरते.

अलिप्त रुग्ण माझ्या मते अधिक अवघड, कारण तो अवघड वाटतच नाही. तो वेळेवर येतो, तक्रार करत नाही, बालपण उत्तम गेले असे सांगतो, पण या म्हणण्याला पुष्टी देणारा एकही प्रसंग त्याला आठवत नाही. थेरपिस्टच्या सुट्टीने काही बिघडले नाही असे म्हणतो आणि पुढची भेट मात्र चुकवतो. त्याच्याशी घाईने जवळीक साधू पाहिल्यास तो आणखी मागे सरकतो, तर केवळ बौद्धिक चर्चेत रमल्यास दोघेही भावनेला बगल देत राहतात (आणि ही चर्चा थेरपिस्टलाही सोयीचीच असते). म्हणून आधी ते अंतर मान्य करावे लागते. अचानक बदललेला विषय किंवा आवळलेला जबडा यांकडे लक्ष वेधणे विश्वास बसल्यानंतरच शक्य होते.