औसा रोडवरचा अमेरिकी मध्यावधीचा वर्ग: फी वसूल, झेरॉक्स मात्र सुधारा

लातूरच्या मार्केट यार्डात माझी आडत आहे. सोयाबीन आणि तूर हा मुख्य माल. सोयाबीनवाल्याला शिकागोच्या वायदेबाजाराचा भाव रोज बघावा लागतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चीननं अमेरिकेकडून सोयाबीनचा एक दाणाही घेतला नाही, तेव्हापासून तर वॉशिंग्टनात कोण बसतं, कोण उठतं याकडंही माझं लक्ष असतं. औसा रोडवरच्या एका अभ्यासिकेनं अमेरिकेच्या मध्यावधी निवडणुकीवर आठवडाभराचा संध्याकाळचा वर्ग ठेवला होता. विषय नेमका होता: खासदार, सिनेटर पुन्हा लढायचं नाही म्हणाले की त्यांच्या पक्षाचं काय होतं. पुतणी यूपीएससी करते. तिच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात इतर देशांच्या राज्यघटनांशी तुलना असते, म्हणून तिला जायचं होतं. मी तिच्यासोबत माझंही नाव घातलं. फी माणशी ७०० रुपये.

जागा वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खुर्च्या बऱ्या आहेत, वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, पाणी थंड मिळतं. समोर बसणाऱ्यांत निम्मी पोरं स्पर्धा परीक्षेची आणि बाकी निवृत्त मास्तर, एक-दोन वकील, आमच्यासारखे बाजारातले. शिकवणारे सर उदगीरकडचे. आवाज खणखणीत, आणि प्रश्न विचारलेला त्यांना आवडतो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लातुरात प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणारे वर्गही आहेत.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी पाया झटकन उरकला. अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह म्हणजे प्रतिनिधिगृह, त्याच्या ४३५ जागा, दर दोन वर्षांनी सगळ्याच्या सगळ्या निवडणुकीला. वरचं सभागृह म्हणजे सिनेट, त्याच्या १०० जागा, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश. दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मधे ठरल्या तारखेला येते ती मध्यावधी. यंदाची ३ नोव्हेंबर २०२६ ला. अध्यक्षाच्या पक्षाला ती बहुतेक वेळा जड जाते. तिथं लढणारा विद्यमान खासदार सहसा पडत नाही, प्रतिनिधिगृहात दहातले नऊ तरी परत येतात. म्हणूनच तो स्वतः बाजूला झाला की समोरच्या पक्षाला वाट दिसते.

यावर मागच्या रांगेतल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, “सर, निवडून यायची एवढी खात्री असताना हे सोडून चाललालेत कशामुळं?”

सरांनी पुढचा पाऊण तास या एका प्रश्नाला दिला, आणि वर्गाचा हा सगळ्यात चांगला भाग. वय, आजारपण, गव्हर्नर व्हायची इच्छा ही कारणं कुणालाही सुचतील. रिपब्लिकन पक्षाचा समित्यांबाबतचा नियम मला तरी माहीत नव्हता. त्यांच्यात प्रतिनिधिगृहाच्या समितीचं अध्यक्षपद सहा वर्षांपुरतंच मिळतं. सहा वर्षं संपली की कालपर्यंत ज्याच्या शब्दावर समिती चालायची तो साधा सदस्य होतो, आणि बरेच जण त्यापेक्षा घरी जाणं पसंत करतात.

सरांनी दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाचे एड रॉइस, परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, थांबले, म्हणजे पुन्हा लढायचं नाही म्हणाले. त्यांची सहा वर्षं भरत आली होती. त्याच जानेवारीत न्यू जर्सीचे रॉडनी फ्रेलिंगहायसन थांबले. ते खर्चाच्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे तिजोरीची किल्ली हातात, आणि ते पद मिळून जेमतेम वर्ष झालेलं. रॉइसचं जाणं नियमानं समजतं. फ्रेलिंगहायसनला मात्र अजून दोन मुदती अध्यक्ष राहता आलं असतं. हातातलं असं पद सोडणाऱ्याला वारं कळलेलं असतं, असं सर म्हणाले, आणि मला ते पटलं. दोन्ही जागा त्या नोव्हेंबरला डेमोक्रॅट पक्षाकडं गेल्या. मायामीच्या इलिआना रोस-लेटिनन यांचीही गेली. तो मतदारसंघ २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना भरघोस मतं देणारा, बाईंनी स्वतःच्या नावावर तो रिपब्लिकनांकडं ठेवला होता. उलट सभापती पॉल रायन यांच्यासारखा मोठा नेता थांबला तरी विस्कॉन्सिनमधली त्यांची जागा पक्षाकडंच राहिली, कारण तिथली जमीनच रिपब्लिकन होती. टेक्सासच्या लामार स्मिथ आणि जेब हेन्सार्लिंग या समिती-अध्यक्षांच्या जागाही तशाच टिकल्या. त्या वर्षी रिपब्लिकनांनी एकूण ४० च्या घरात जागा गमावल्या.

आमच्या बाजारात आवक किती क्विंटल झाली एवढ्यावर भाव सांगता येत नाही, ओल किती आणि डागी किती हे बघावं लागतं. निवृत्तांच्या यादीचं तसंच आहे. कोणत्या पक्षाचे किती गेले हा आकडा वर्तमानपत्रं ठळक छापतात. सरांनी त्याच आकड्यावर विसंबू नका म्हणून दोन निवडणुका काढल्या. २०२२ ला पुन्हा न लढणाऱ्या खासदारांत ३१ डेमोक्रॅट होते आणि १८ रिपब्लिकन. आकड्यावर गेलं तर डेमोक्रॅटांचं पानिपत व्हायला हवं होतं. रिपब्लिकनांना बहुमत मिळालं खरं, पण निव्वळ फायदा अवघ्या नऊ जागांचा. २०२० ची निवडणूक मध्यावधी नव्हती, तरी तिचा दाखला जास्त बोलका. टेक्सासमधून विल हर्ड, केनी मार्चंट, पीट ओल्सन असे रिपब्लिकन एकामागून एक थांबले आणि त्यांचा पक्ष टेक्सासमधून उठला असं सगळीकडं छापून आलं. तिन्ही जागा रिपब्लिकनांनी राखल्या, आणि देशभरात जागा वाढवल्या.

सिनेटसाठी वर्गानं २०१४ साल घेतलं. हा भाग मी वहीत पूर्ण उतरवलाय, कारण यंदा त्याचंच पुढचं पान उघडतंय. त्या मध्यावधीत डेमोक्रॅटांच्या पाच जागी जुना माणूस उमेदवार नव्हता. वेस्ट व्हर्जिनियाचे जे रॉकफेलर, साउथ डकोटाचे टिम जॉन्सन, आयोवाचे टॉम हार्किन आणि मिशिगनचे कार्ल लेव्हिन थांबले. मोंटानाचे मॅक्स बॉकस चीनला राजदूत म्हणून गेले. पाचातल्या चार जागा रिपब्लिकनांनी घेतल्या, मिशिगन तेवढं राहिलं. वेस्ट व्हर्जिनिया, साउथ डकोटा आणि मोंटाना २०१२ ला ओबामांच्या विरोधात गेलेली राज्यं होती, तिथं जुन्या माणसाच्या नावावरच पक्ष तगून होता. आयोवा मात्र ओबामांनी जिंकलेलं होतं, तरी गेलं. म्हणजे तिथं जमिनीपेक्षा वाऱ्यानं काम केलं. रिपब्लिकनांनी त्या वर्षी सिनेटच्या एकूण नऊ जागा मिळवल्या. चार या मोकळ्या झालेल्या, उरलेल्या पाच जागी लढणारा विद्यमान सिनेटरच पाडला.

आता नावं बघा. आयोवातून हार्किन यांच्या जागी जोनी अर्न्स्ट आल्या. मिशिगनमधून लेव्हिन यांच्या जागी गॅरी पीटर्स आले. नॉर्थ कॅरोलायनात के हेगन यांना पाडून थॉम टिलिस आले. तिघांनीही २०२६ ला लढणार नसल्याचं सांगितलंय. टिलिस यांनी ट्रम्प यांच्या मोठ्या कर-खर्च विधेयकाला विरोध केला, ट्रम्प यांनी पक्षातूनच त्यांच्यासमोर उमेदवार देण्याची धमकी दिली, आणि पाठोपाठ जून २०२५ च्या अखेरीस टिलिस यांनी थांबतो म्हणून जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायना ट्रम्प यांनी २०२४ ला थोडक्यात जिंकलेलं, म्हणून तिथली जागा रिपब्लिकनांना महाग पडू शकते. मिशिगनही ट्रम्प यांनी थोडक्यात जिंकलेलं, तिथं चिंता डेमोक्रॅटांना. केंटकीचे मिच मॅककॉनेलही थांबलेत, इलिनॉयचे डिक डर्बिनही. नावं मोठी, पण केंटकी रिपब्लिकनांचं आणि इलिनॉय डेमोक्रॅटांचं घर, तिथं फारसा फरक पडू नये.

आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचं राज्य, म्हणून मी विचारलं, चीनच्या खरेदीचा आणि अर्न्स्ट यांच्या जाण्याचा संबंध आहे का? सर म्हणाले, “काका, तसं ठामपणे सांगता येणार नाही. बाईंनी कौटुंबिक कारण दिलंय. पण २०२४ ला ट्रम्प यांना तिथं १३ टक्क्यांची आघाडी होती. तरी तिथं लढत लागली, तर सोयाबीनवाला शेतकरी नाराज आहे का, ते तुम्ही माझ्याआधी ओळखाल.” मला हे उत्तर आवडलं. ज्याची खात्री नाही ते त्यांनी ठोकून दिलं नाही.

आपल्याकडच्या तुलनेवर वर्ग तापला. आपल्या भागात नेता आपणहून जागा सोडतोय असं क्वचित होतं, तिकीट पक्ष कापतो. तिथं पक्षाचं उमेदवार ठरवायचं काम प्राथमिक निवडणुकीत मतदार करतो. लातूरचंच घ्या. २०१९ ला भाजपनं सुनील गायकवाड यांना बदलून सुधाकर शृंगारे यांना दिलं, जागा राहिली. २०२४ ला तेच शृंगारे कायम ठेवले, डॉ. शिवाजी काळगे निवडून आले. बीडला उलट केलं, प्रीतम मुंडे यांच्या जागी पंकजा मुंडे, तरी बजरंग सोनवणे साडेसहा हजारांनी पुढं गेले. जालन्यात रावसाहेब दानवे पाच वेळचे खासदार, तेही पडले. मराठवाड्यातल्या आठपैकी महायुतीकडं एकच जागा आली, छत्रपती संभाजीनगरची. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलंब्रीत हरिभाऊ बागडे नव्हते, ते राजस्थानचे राज्यपाल झाले होते, आणि नवख्या अनुराधा चव्हाण यांनी भाजपची जागा राखली. पाच महिन्यांत वारं फिरलं होतं. सरांनी याला अमेरिकेचं २०१० जोडलं: डेमोक्रॅटांनी ६३ जागा गमावल्या, आणि त्यातले ५० हून जास्त खासदार स्वतः लढत होते. लाट आली तर थांबलेला आणि लढलेला दोघंही जातात.

आता उणिवा. नकाशाचे झेरॉक्स इतके काळपट होते की मतदारसंघाची हद्द दिसत नव्हती, आणि या विषयात सगळं हद्दीवर चालतं. टेक्सासनं २०२५ मध्ये मतदारसंघ रिपब्लिकनांच्या सोयीनं नव्यानं आखले, त्यापायी ऑस्टिनचे जुने डेमोक्रॅट लॉइड डॉगेट यांनी न लढायचं ठरवलं, कॅलिफोर्नियानं उत्तरादाखल आपले मतदारसंघ डेमोक्रॅटांच्या सोयीनं आखले. हा मोठा विषय शेवटच्या संध्याकाळी वीस मिनिटांत गुंडाळला. त्याला पूर्ण एक संध्याकाळ हवी. मोकळी जागा कोणत्या नकाशावर मोकळी आहे हे कळल्याशिवाय बाकीचा हिशोब अपुरा राहतो. शिवाय विद्यमान असण्याचा फायदा पूर्वीइतका राहिला नाही, मतदार आता माणसापेक्षा पक्ष बघतो, हे सरांनी ओझरतं सांगितलं. पुतणीच्या मते परीक्षेत प्रश्न यायचा तर यावरच येईल, म्हणून तिला ते सविस्तर हवं होतं.

घरी करायला दिलेलं काम उत्तम. बॅलटपिडियाच्या संकेतस्थळावर पुन्हा न लढणाऱ्यांची यादी फुकट मिळते. ती उघडायची, प्रत्येक नावापुढं त्या मतदारसंघात २०२४ ला अध्यक्षपदासाठी कोण पुढं होतं ते लिहायचं, आणि ज्या नावापुढं खासदाराचा पक्ष आणि अध्यक्षीय कौल जुळत नाही तेवढीच लाल शाईनं अधोरेखित करायची. लांबलचक यादीतली लाल नावं थोडीच निघतात. निवडणुकांचा अंदाज बांधणाऱ्या कुक पोलिटिकल रिपोर्टची मतदारसंघांची वर्गवारी कशी वाचायची हेही सरांनी शिकवलं: पक्की, बहुधा, झुकलेली आणि अटीतटीची. पुतणीनं तिची लाल यादी खोलीत भिंतीला लावलीय आणि नवीन घोषणा आली की ती त्यात भर घालते.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी आणि आयात-निर्यातीशी संबंध असणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. ज्यांना नुसतं ट्रम्प जिंकणार की हरणार एवढंच ऐकायचंय त्यांनी जाऊ नये, सर ते सांगत नाहीत. पुढची तुकडी दिवाळीच्या आधी घेणार आहेत. वेळ संध्याकाळी साडेसहा, सौदा आणि हिशोब आटोपून आरामात पोचता येतं. झेरॉक्सचे ४० रुपये वेगळे मागतात, ते फीतच धरावेत आणि नकाशे रंगीत द्यावेत, असं मी त्यांना लिहून दिलंय.