ग्नू मेक, वर्षभर वापरून: सगळी डोकेदुखी एका कोलनची

मेकची लांबलचक ओळख करून देत बसत नाही: कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करायची, म्हणजे बिल्डची, कामं उरकणारं हे टूल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसणारा प्रोग्राम, त्याच्यावरच बिल्ड होतं. हुबळीकडच्या गिऱ्हाइकाला पॅनेलवर कन्नड मेसेज, कोल्हापूरकडच्याला मराठी. मेकफाइल, म्हणजे मेकला काय करायचं ते सांगणारी फाइल, आधीच्या माणसाची. तो पुण्याला गेला, फाइल माझ्या गळ्यात.

बिल्ड इतकं रखडायचं की मालक येता-जाता विचारायचे, "अजून बिल्डच करायलायस काय?" नव्या कॉम्प्युटरचं कोटेशनसुद्धा आलं होतं. कारण निघालं व्हर्जनच्या ओळीत: नुसतं = आणि पुढे गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) व्हर्जन विचारणारं शेल फंक्शन, म्हणजे मेकमधून बाहेरची कमांड चालवणारं. = असलं की मेक उजवी बाजू आहे तशी ठेवून देतं आणि व्हेरिएबल जिथे येईल तिथे दरवेळी नव्याने उलगडतं, म्हणजे त्याची किंमत पुन्हा काढतं. हे तर कंपायलरच्या फ्लॅग्जमध्ये, म्हणजे त्याला दरवेळी द्यायच्या पर्यायांमध्ये होतं, म्हणजे सी भाषेतल्या दर फाइलमागे गिटला एक हेलपाटा. विंडोजवर, त्यात अँटिव्हायरस, मग काय विचारता! := केलं. ओळ वाचतानाच एकदा उलगडलं, विषय संपला. कोटेशन खणात गेलं. फुकटात एवढं काम झाल्यावर पाच तारे द्यायचे ठरवलं होतं.

पण := ला क्रम लागतो. खाली ठरणारं व्हेरिएबल वर वापरलं तर तिथे रिकामं येतं, आणि मेक चकार शब्द काढत नाही. न ठरलेल्या व्हेरिएबलची सूचना देणारा पर्याय आहे, तो मागितल्याशिवाय चालू होत नाही. हे असं का, कुणी सांगावं.

खरा राग ?= वर. भाषेच्या व्हेरिएबलचं नाव होतं लँग (LANG), ?= पुढे मराठी. विंडोजवर बिनतक्रार. उबंटू लिनक्सवर आलो तर कोल्हापूरच्या पॅनेलवर इंग्रजी! ?= फक्त व्हेरिएबल आधी ठरलेलं नसेल तरच लागू होतं, आणि लिनक्सच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सिस्टमने आधीच ठरवून ठेवलेल्या व्हेरिएबल्समध्ये, लँग बहुधा असतंच. सीमाभागात भाषेवरून भांडायला माणसं कमी आहेत, म्हणून हेही. नाव बदलून पॅनेलभाषा केलं.

तीन तारे. एक तारा आधीच्या किमतीला नवी भर जोडणाऱ्या += ने खाल्ला: व्हेरिएबल आधी नसेल तर ते गुपचूप = सारखं वागतं, म्हणजे गिट पुन्हा दर फाइलमागे. म्हणून आता वर आधी रिकामं := लिहितो, मगच += लावतो.