निळी स्क्रीन: विंडोजची मेमरी चाचणी की मेमटेस्ट८६?

विंडोज अचानक बंद पडून येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळा कोड येत असेल, कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ तर कधी ‘पेज फॉल्ट’, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ मेमरीवर घ्यावा. दर वेळी एकाच ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) फाइलचं नाव दिसत असेल तर आधी तो ड्रायव्हर बघा.

विंडोजची चाचणी फुकट आणि सोपी. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा, रीस्टार्ट करा. सुरू होताच एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा आणि एफ१० दाबा. नुसती ‘स्टँडर्ड’ फार वरवरची. निकाल विंडोजमधल्याच इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ नोंदींत मिळतो. दोष दाखवला तर विश्वास ठेवा. ‘दोष नाही’ म्हणाली तर मात्र रॅम सुटली असं समजू नका, अधूनमधून येणारी चूक तिच्या हातून निसटते.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं वेगळं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज बाजूलाच राहतं. फुकट आवृत्तीत ४ फेऱ्या. १६ जीबीला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावा. पावसाळ्यात नाशिकला सिडको-सातपूरकडे मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, तेव्हा यूपीएस हवाच. एकही चूक दिसली तरी चाचणी नापास. मग बायोसमधलं (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पुन्हा चालवा. चुका थांबल्या तर रॅम त्या वेगाला टिकत नाही एवढंच, कमी वेगावर वापरा. नाही थांबल्या तर विजेची वायर काढून, रॅमच्या पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने पुसून एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खाचेत) तपासा. एमजी रोडला नवी रॅम घ्यायला जाण्याआधी एवढं कराच. कधीकधी दोष स्लॉटचा निघतो.