‘सायको’ आणि ‘द बर्ड्स’: संगीत आणि त्याचा अभाव

दोन्ही चित्रपटांचा दिग्दर्शक एकच, आल्फ्रेड हिचकॉक. संगीताची जाणही तीच, संगीतकार बर्नार्ड हरमनची. वाटा मात्र दोन.

‘सायको’त (१९६०) नुसती तंतुवाद्यं. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात व्हायोलिन वरच्या पट्टीत किंचाळतात. सुरी अंगात शिरताना जवळपास दिसतच नाही, ते काम कान करतात. गंमत म्हणजे हिचकॉकला आधी तिथे संगीत नकोच होतं! आवाज बंद करून पाहा, प्रसंगातली हवाच जाते.

‘द बर्ड्स’मध्ये (१९६३) पक्षी माणसांवर हल्ले करतात, पण रूढ पार्श्वसंगीत नाही. ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर घडवलेले पक्ष्यांचे आवाज आहेत. शाळेबाहेर कावळे जमतात तेव्हा आतून मुलांचं गाणं तेवढं ऐकू येतं. घाबरायचं कधी, हे कुणी सुचवत नाही. मला हे जास्त अवघड वाटतं: संकलन जरा ढिलं पडलं, तर सावरायला संगीत नसतं.