तीन मशिनी, लिब्रेऑफिस आणि मॅडमांचा पेनड्राइव्ह

कोल्हापुरात सीपीआर दवाखान्याजवळच्या एका बोळात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, बचत गटाचे ठराव एवढ्यावर चाललेल्या दुकानात सातारा-सांगलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे पक्षकार यायला लागले. तिसरी मशीन घ्यावी लागली. जुनीच घेतली. मग प्रश्न आला, तिच्यावर ऑफिस, म्हणजे टायपिंगचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर, कुठलं टाकायचं?

लपवायचं कशाला, आधीच्या दोन मशिनींवरचं ऑफिस विकतचं नव्हतं. दुरुस्तीला येणाऱ्या पोरानं "राहू दे की अण्णा, टाकून देतो" म्हणून टाकलेलं. एका सकाळी स्क्रीनवर वरच्या बाजूला पट्टी आली, ही प्रत अस्सल नाही म्हणून. समोर खुर्चीत वकीलसाहेब बसलेले. ते काही बोलले नाहीत, चष्म्यावरून नुसतं बघितलं. वकिलाचा अर्ज चोरीच्या मालावर टाइप करायचा हे काही बरं दिसेना. त्याच आठवड्यात तिन्ही मशिनींवर लिब्रेऑफिस हे फुकट मिळणारं ऑफिस टाकलं. त्याला आता सहा महिने झाले.

गूगल डॉक्स आधी वापरून बघितलं होतं. घरी एकट्यानं लिहायला छान आहे. दुकानात मात्र काउंटरवर चार माणसं उभी आणि नेट गेलेलं, असं पावसाळ्यात आमच्याकडं रोजचंच. ओन्लीऑफिस दिसायला अगदी वर्डसारखं, इंग्रजी बायोडाटा करायला दुकानात कामाला असलेल्या पोरीला तेच आवडतं. आणि ओपनऑफिस नावाचं जे जुनं भावंड आहे, त्याच्या नादाला लागू नका. त्यात डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, उघडते, पण डॉकएक्समध्ये सेव्ह होत नाही. आमच्या धंद्यात तिथंच विषय संपला. दोघांचं मूळ एकच. २०१० मध्ये ओरॅकलनं सन कंपनी घेतली आणि त्याच वर्षी ओपनऑफिसच्या बऱ्याच मंडळींनी वेगळी चूल मांडली, ते लिब्रेऑफिस. नावं सारखी वाटतात म्हणून लोक चुकीचं उतरवून घेतात.

टाकल्या टाकल्या दोन गोष्टी करा. पहिली, सेव्ह करायचा कायमचा प्रकार ऑप्शन्समध्ये जाऊन वर्डचा करून ठेवा. नाहीतर फाइल ओडीटीत, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात, सेव्ह होते आणि रात्री दहाला वकिलांचा फोन येतो, "अण्णा, हे काय पाठवलंय, उघडेना." प्रत्येक सेव्हला "हाच प्रकार ठेवू का?" असं विचारणारी खिडकी येते, तिच्यातली टिक काढली की ती गप्प बसते. दुसरी, व्ह्यू मेनूतून टॅबवाला चेहरा लावा. आमच्याकडची पोरगी रिबनवर, म्हणजे वर्डमधल्या वरच्या टॅबांच्या पट्टीवर, शिकलेली. पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, हे सगळं जुन्या काळातलं दिसायलंय की." टॅब लावल्यावर तासाभरात हात बसला.

आता खरी गोष्ट, मराठीची.

एका मॅडमांचा जमिनीच्या दाव्याचा अर्ज पेनड्राइव्हवर आला. त्यांच्याकडं तो चार पानांचा, माझ्या स्क्रीनवर पाच. पाचव्या पानावर फक्त "स्थळ : कोल्हापूर", "दिनांक" आणि सहीची रेघ. मॅडम म्हणाल्या, "फुकटातलं असंच असतंय." मलाही तसंच वाटलं. पण दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. त्यांची फाइल मंगल नावाच्या देवनागरी फॉन्टात होती आणि जुन्या घेतलेल्या मशिनीवर मंगल नव्हताच. विंडोज दहामध्ये तो आपोआप येत नाही, देवनागरीच्या जादा फॉन्टांच्या गठ्ठ्यात वेगळा उतरवून घ्यावा लागतो. फॉन्ट नसला की ऑफिस दुसरा लावतं, ओळीची उंची बदलते आणि सही पुढच्या पानावर जाते. मंगल टाकला, फाइल परत उघडली, चार पानं. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण पुढचा अर्जही आमच्याकडंच आणला.

एवढ्यावर भागलं नाही. त्याच अर्जातली चतुःसीमा वेडीवाकडी झाली होती. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस, आणि पुढं कुणाची जमीन ते. कुणीतरी स्पेसबार दाबत दाबत ती ओळीत आणलेली. असली फाइल कुठल्याही ऑफिसात नेली तरी हलणार. मी त्या चार ओळी बिनरेषांच्या टेबलात बसवून दिल्या. हे काम मी आता रोज करतो आणि त्याचे पैसे लावत नाही, गिऱ्हाईक परत यावं म्हणून.

रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या वर्डमध्ये, मराठीचा फॉन्ट वेगळा ठेवता येतो आणि इंग्रजीचा वेगळा, हे मला फार आवडलं. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांचा भाग चालू करायचा आणि मराठी निवडायची. मग एकाच स्टाइलमध्ये देवनागरी चौदा आणि इंग्रजी बारा असं ठरवून टाकता येतं. मराठी अर्जात मधेच पक्षकाराचं इंग्रजी नाव आलं की ते आडदांड दिसायचं, ते बंद झालं. मेनूही मराठीत करता येतात. मी दोन दिवस ठेवले आणि परत इंग्रजी केले. पंचवीस वर्षं "फाइल-प्रिंट" म्हणणाऱ्या बोटांना "मुद्रण" सापडेना.

पान क्रमांकानं मात्र डोकं फिरवलं. अनुक्रमणिकेला नंबर नको, अर्जापासून एक सुरू, हे आमचं नेहमीचं काम. वर्डमध्ये हात आपोआप चालायचा. इथं पेज स्टाइल, म्हणजे पानाची ठरवून ठेवलेली मांडणी, नावाचा प्रकार आहे. पान तोडताना पुढच्या पानाची स्टाइल निवडायची आणि तिथंच नवा नंबर द्यायचा. दोन दिवस शिव्या घातल्या. समजल्यावर एक कोरा नमुना करून टेम्प्लेट म्हणून ठेवला, आता तोच उघडतो.

श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या फॉन्टातल्या फायलींचं विचारणारे पुष्कळ आहेत. तो फॉन्ट मशिनीत असेल तर वाचता येतं, नसेल तर सगळी अगम्य चिन्हं दिसतात. विकतच्या ऑफिसातही तेच होतं, त्यामुळं ते निवडीचं कारण नव्हे.

कॅल्कला, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलला, लाखा-कोटीचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीचे हवे असतील तर सेलच्या फॉरमॅटमध्ये भाषा इंग्रजी (इंडिया) करून बघा. बिलं, हजेरी, भिशीचा हिशेब यांना ते भरपूर झालं. फक्त एका पतसंस्थेकडून बटणं आणि मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल येते, तिची निम्मी बटणं इथं दाबली तरी हलत नाहीत. त्या एका फायलीसाठी अखेर एका मशिनीला विकतचं ऑफिस पैसे मोजून घेतलं, या वेळी बिलासकट. ती मशीन खिडकीपाशी आहे. महिन्यातून एकदा चालू होते, एरवी तिच्यावर झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे असतात आणि त्यावर पोरीचा डबा.