घरच्या आर्केड मशीनची घरघर: आयसोलेटर, वेगळा ॲडॉप्टर की डिजिटल ॲम्प?

पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून मुस्तफा (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स) हा गेम खेळलेली पिढी आता स्वतःच्या घरात प्लायवूडचं मशीन उभं करायला लागली आहे. सुतार लातूरला मिळतो, नांदेडलाही मिळतो. बटणं आणि जॉयस्टिक कुरिअरने येतात. आत रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’) बसवायचा, नाहीतर ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर. सगळं जमून येतं, आणि स्पीकर जोडला की घूं सुरू होते.

त्यावर विकत मिळणारे उपाय चार-पाच आहेत आणि सगळे ‘नॉइज जाईल’ असंच सांगून विकले जातात. प्रत्यक्षात प्रत्येकाचा इलाज वेगळ्या आवाजावर चालतो. म्हणून खरेदीआधी नीट कान लावा.

आधी आवाज ओळखा

एकसुरी, जाड घूं ऐकू येत असेल तर ती घरच्या विजेची आहे, 50 किंवा 100 हर्ट्झची. मेनू सरकवला, पडद्यावर धुमाकूळ सुरू झाला की बदलणारी बारीक किरकिर असेल, तर ती पायमधून ग्राउंडच्या, म्हणजे सामाईक उणे वायरीवाटे येते. आणि सतत सूं, व्हॉल्यूम वाढवला की वाढणारी, ही बहुतेक पायच्या हेडफोन जॅकची किंवा ॲम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या बोर्डाच्या) जास्त गेनची, म्हणजे सिग्नल जास्त पट वाढवण्याची देणगी. तिच्यासाठी फुकटचा उपाय आधी करून बघा: पायमधला व्हॉल्यूम नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि ॲम्पचा कमी करा. बरेच जण नेमकं उलट करतात.

किरकिर ओळखायला घरातली पॉवर बँक पुरते. ॲम्प बोर्डाच्या 5 व्होल्ट आणि ग्राउंड या दोन्ही वायरी काढून पॉवर बँकेला लावा, बाकी काही हलवू नका. किरकिर एकदम गेली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे पाय आणि ॲम्प दोन वाटांनी ग्राउंडला जोडले गेलेत, पैज लावा. एक लक्षात ठेवा, बोर्ड शांत असताना इतका कमी करंट ओढतो की काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात. गेम जोरात चालू ठेवूनच तपासा. किरकिर राहिलीच तर ऑडिओची पिन पायमधून उपसा आणि तिची टोकं तिच्याच बॉडीला टेकवा. तरी आवाज येत असेल तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये आहे, वायर बदलून काही होणार नाही.

हे होतं कशाने

बहुतेक घरगुती मशीनमध्ये 5 व्होल्टचा एकच ॲडॉप्टर असतो आणि त्यावरच पाय, बटणांचे दिवे आणि पीएएम 8403 चा छोटा ॲम्प असं सगळं बिऱ्हाड. पायचा करंट क्षणाक्षणाला वरखाली होतो. ग्राउंडच्या बारीक वायरीत 0.02 ओहमचा जरी अडथळा असला आणि करंट अर्ध्या अँपिअरने हलला, तरी 10 मिलिव्होल्टचा फरक पडतो. ॲम्पला वाटतं हाच गाण्याचा सिग्नल, आणि तो त्याला पंधरा-सोळा पट मोठा करून स्पीकरवर सोडतो.

आयसोलेटर की वेगळा ॲडॉप्टर

खरी निवड या दोघांत आहे. आयसोलेटर म्हणजे दोन्ही टोकांना 3.5 मिमीच्या पिना असलेली छोटी डबी, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकत्वाने पलीकडे जातो, तांब्याची वाट तुटते, लूप संपतो. दोन-तीनशे रुपयांत काम होतं, सोल्डर लागत नाही, दोन मिनिटांत बसतो. स्वस्त आयसोलेटरमध्ये बास थोडा कमी होतो हे खरं, पण चार इंची स्पीकरला मुळात बास असतो किती! डबी मात्र एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) शेजारी चिकटवू नका, ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे ती स्वतःच घूं पकडते.

वेगळा ॲडॉप्टर म्हणजे घरात पडून असलेला 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा दोन पिनांचा मोबाईल चार्जर फक्त ॲम्पला देणं. खर्च शून्य, आणि ॲम्पला पोटभर करंट मिळतो, त्यामुळे मोठ्या आवाजात पाय अडखळण्याचाही त्रास वाचतो. आयसोलेटर हा दुसरा फायदा देत नाही. पण चार्जर हलका असेल तर त्याची स्वतःची शिटी ऐकू येते. शिवाय आतल्या फिल्टर कॅपॅसिटरमधून थोडीशी गळती होते आणि ती ऑडिओच्या वायरीतून वाट काढते. एक आवाज घालवून दुसरा आणल्यासारखं होतं. चांगल्या फोनबरोबर आलेला चार्जर वापरा.

तयार मशीन मागून पुन्हा उघडायचा कंटाळा असेल तर आयसोलेटर. मशीन अधूनमधून रिस्टार्ट होत असेल तर आधी वेगळा ॲडॉप्टर, आणि त्यानंतरही किरकिर उरली तरच आयसोलेटर. बी 0505 एस नावाचा टिकलीएवढा आयसोलेटेड कन्व्हर्टरही सुचवला जातो. तो 1 वॅटचा आहे, आवाज वाढवला की कोलमडतो. सोडून द्या.

यूएसबी साउंड कार्ड

यात सर्वांत जास्त लोकांची निराशा होते. पायचा जॅक पल्स पद्धतीने आवाज तयार करतो आणि त्याचा दर्जा बेताचाच. साउंड कार्ड लावलं की सूं खरंच कमी होते. पण ते वीज पायकडूनच घेतं, ग्राउंडही तेच, म्हणून किरकिर जशीच्या तशी. सूं असेल तरच हे घ्या. पाय 5 ला जॅकच नाही, तिथे साउंड कार्ड, मॉनिटरचं हेडफोन सॉकेट किंवा खाली सांगितलेला डिजिटल ॲम्प यांपैकी काहीतरी लागतंच. मॉनिटरला स्वतःचे स्पीकर असतील तर प्रश्नच मिटला, फक्त आवाज मिळमिळीत येतो.

नव्याने बांधताय? मग डिजिटल ॲम्प

अजून वायरिंग झालं नसेल तर माझं मत सरळ मॅक्स 98357 ए च्या बाजूने आहे. हा बोर्ड पायकडून आवाज आकड्यांच्या स्वरूपात घेतो आणि स्पीकरच्या शेजारी बसून त्याचा सिग्नल बनवतो. मिलिव्होल्टची नाजूक वायर मधे नाहीच, त्यामुळे ग्राउंडमधल्या 10 मिलिव्होल्टला शिरायला जागा उरत नाही. 5 व्होल्टवर, 4 ओहमच्या स्पीकरला 3 वॅटच्या आसपास ताकद मिळते. खोलीभर ऐकू येईल एवढी.

अडचणी दोन. एका बोर्डावर एकच स्पीकर चालतो. जुन्या बहुतेक गेमना तेवढं पुरतं, पण मुस्तफाचा 1993 चा मूळ गेम क्यू साउंड या ध्वनिपद्धतीवर स्टिरिओ होता, तो तसाच ऐकायचा तर दोन बोर्ड घ्या. दुसरी अडचण मोठी आहे. या बोर्डाला पायच्या 18, 19 आणि 21 नंबरच्या जीपीआयओ पिना (बाहेरच्या वस्तू थेट जोडायच्या पिना) लागतात. बटणं थेट जीपीआयओला जोडली असतील तर याच पिनांवर भांडण होतं. बटणं यूएसबी एन्कोडरवर (बटणं यूएसबीतून जोडणाऱ्या छोट्या बोर्डावर) असतील तर चिंता नाही.

पीएएम असो की मॅक्स, स्पीकरची उणे वायर ग्राउंडला किंवा मशीनच्या पत्र्याला जोडायची नाही. जुन्या टेपरेकॉर्डरवर हात बसलेले कारागीर सवयीने जोडतात आणि बोर्ड जातो.

जुना कॉम्प्युटर असेल तर आधी अर्थिंग

आपल्याकडे हा भाग टाळून चालत नाही. तीन पिनांच्या एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याकडे फिल्टर कॅपॅसिटर जातात. अर्थ नसेल तर पत्रा 230 च्या साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगतो. करंट किरकोळ असतो, पण नाण्याच्या दरवाज्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि स्पीकरमध्ये घूं. पत्र्याला हात लावल्यावर आवाज बदलत असेल तर समजून जा.

जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं नावाला असतं. जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही एप्रिल-मे मध्ये काळी माती भेगाळून आत पुरलेल्या पट्टीपासून सुटते, ओल राहत नाही. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओता म्हणायचं, तर लातूरला 2016 मध्ये प्यायचं पाणी रेल्वेने आलं होतं. तरी आठवड्याला एक बादली सांडपाणी तिकडे वळवता येतं. सवय असेल तरच मल्टिमीटर लावा, नाहीतर वायरमनकडून मोजून घ्या: फेज ते अर्थ 230 च्या जवळ हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पहिला आकडा शंभराच्या आसपास घुटमळत असेल तर ते नुसतं भोक आहे. त्यासाठी वायरमनचे पैसे द्यायचे, आयसोलेटरचे नाही. आणि घूं जाते म्हणून प्लगची जाड पिन तोडायची नाही, मशीनवर पोरं खेळणार आहेत.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घूं वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनेही तसंच होतं, पंखा फुल करून ऐकलं की लगेच कळतं.